पोस्टरवर काय नको, हे ठरवायचं कुणी?

सिनेमाचं पोस्टर चांगलं का वाटतं यावर बोलायला गेलं की लोक लगेच रंग, फाँट, फोटो असं एकेक सुटं काढून दाखवायला लागतात, आणि डिझाइन शिकवणारेसुद्धा बऱ्याचदा तसंच शिकवतात, समतोल, कॉन्ट्रास्ट, हायरार्की, मोकळी जागा अशी यादी पाठ करून घेतात. यादी बरोबरच आहे. पण ती पाठ असलेल्या माणसाच्या हातूनही पोस्टर फसतं, आणि माझ्या मते त्याचं कारण असं की या सगळ्या तत्त्वांच्या मुळाशी एकच काम आहे आणि ते करायला कुणी तयार नसतं. या चौकटीत काय येणार नाही, हे ठरवायचं काम. हायरार्की म्हणजे तरी काय, एक गोष्ट मोठी करायची असेल तर बाकीच्या लहान कराव्या लागतात, काही काढूनच टाकाव्या लागतात, आणि ज्याची गोष्ट लहान झाली तो भांडायला येतो.

'जॉज'चं १९७५चं पोस्टर घ्या, कारण ते जवळपास सगळ्यांनी कुठे ना कुठे पाहिलेलं असतं. रॉजर कास्टेल नावाच्या चित्रकाराने ते चित्र मुळात कादंबरीच्या पेपरबॅक आवृत्तीसाठी काढलेलं, मग तेच सिनेमाला वापरलं गेलं. त्यात आहे काय? वर पाण्याच्या पृष्ठभागावर आडवी पोहणारी एक बाई, खालून सरळ उभा वर येणारा शार्क, आणि सगळ्यात वर लाल अक्षरात नाव. बास. आडवी रेघ आणि तिच्याकडे येणारी उभी रेघ, इतकी साधी रचना आहे, आणि शार्कचं डोकं टोकदार असल्यामुळे ते बाणासारखं काम करतं, तुमची नजर खाली कुठेही पडली तरी ते तिला वर ढकलतं. बाई इवलीशी आणि शार्क अवाढव्य, म्हणजे प्रमाणानेच सांगितलं की कुणाचं काही चालणार नाहीये. पण मला त्यातली सगळ्यात मोठी गोष्ट वाटते ती म्हणजे बाई आणि शार्कचा जबडा यांच्यामध्ये सोडलेलं पाणी. ती रिकामी जागा आहे, तिथे काहीच काढलेलं नाही, आणि भीती सगळी तिथेच आहे, कारण तिला माहीत नाही आणि आपल्याला माहीत आहे, आणि मधलं अंतर संपायच्या आत काय होणार याचा विचार आपण आपोआप करायला लागतो. शार्क तिच्या पायाला चिकटून काढला असता तर तो एका हल्ल्याचा फोटो झाला असता. आणि विचार करा की त्या निळ्या पाण्यात कुणीतरी म्हणालं असतं की जागा मोकळी आहे, इथे पोलीस अधिकाऱ्याचा चेहरा टाका, तिकडे बोट टाका. मग काय उरलं असतं?

मोकळी जागा ही पैसे देणाऱ्याला वाया गेलेली जागा वाटते, हा पोस्टरच्या धंद्यातला जुना रोग आहे. म्हणजे त्यांच्या बाजूनेही मी विचार करून बघतो, छापायचे पैसे पूर्ण कागदाचे दिलेत, भिंतीचं भाडं पूर्ण चौकटीचं दिलंय, मग अर्धी चौकट काळी का? पण डोळा कागद मोजत नाही, डोळा फरक शोधतो. सगळीकडे काहीतरी असलं की कुठेच काही नसल्यासारखं होतं. 'एलियन' हा अंतराळयानात शिरलेल्या जीवघेण्या प्राण्याचा सिनेमा, त्याचं १९७९चं पोस्टर बहुतांशी काळं आहे, मध्ये एक तडकलेलं अंडं आणि तडकेतून हिरवट उजेड, वर नावाची अक्षरं एकमेकांपासून लांब लांब ठेवलेली. ना नट, ना यान, ना तो प्राणी. त्यातलं अंडं सिनेमातल्या अंड्यासारखं दिसतसुद्धा नाही, सिनेमात ते वेगळंच आहे, आणि तरी कुणाला फसवल्यासारखं वाटलं नाही कारण पोस्टरने वस्तू दाखवायचं वचन दिलंच नव्हतं, त्याने जी जाणीव दिली, की इथे काहीतरी बाहेर येतंय आणि आजूबाजूला मदतीला कुणी नाही, ती जाणीव सिनेमाने पूर्ण केली. मला खरेपणा म्हणजे हे वाटतं. उलट सिनेमातलेच अस्सल फोटो लावून सिनेमाच्या स्वभावाबद्दल खोटं बोलणारी पोस्टरं किती असतात, संथ घरगुती गोष्टीला थ्रिलर म्हणून खपवणारी, आणि मग पहिल्या शोमधून बाहेर पडलेला माणूसच त्या सिनेमाच्या विरोधात बोलत फिरतो.

आता एक थोडी तांत्रिक गोष्ट सांगतो कारण तिच्याशिवाय हा मुद्दा नीट कळत नाही. एडगर रुबिन या डॅनिश मानसशास्त्रज्ञाने १९१५ मध्ये ती प्रसिद्ध फुलदाणी मांडली, एकदा बघितलं तर फुलदाणी आणि परत बघितलं तर समोरासमोर दोन चेहरे. आपला मेंदू कुठल्याही चित्रात एक भाग पुढे काढतो आणि बाकीचा मागे ढकलतो, आणि दोन्ही एकाच वेळी पुढे ठेवणं त्याला जमत नाही. चांगले पोस्टरवाले याचा फायदा घेतात. 'रोझमेरीज बेबी'च्या १९६८च्या पोस्टरवर हिरव्या रंगात बुडालेला बाईचा आडवा चेहरा आहे आणि त्यावर बाबागाडीची छोटी काळी आकृती, चेहरा आहे पण तो जमीन झालाय, डोंगर झालाय, गाडी त्याच्यावर उभी आहे. 'कॅबरे'साठी पोलंडच्या विक्टर गुर्काने १९७३ मध्ये केलेल्या पोस्टरमध्ये नाचणाऱ्या पायांचंच स्वस्तिक झालंय, नाझींचं, आणि मधोमध चेहरा. नाच आणि राजवट, सिनेमातल्या दोन्ही गोष्टी एकाच आकारात. दुसऱ्या कुणी हेच सांगायला अर्ध्या भागात नाचणारी आणि अर्ध्या भागात सैनिक ठेवले असते. पाहणाऱ्याला पहिल्या नजरेत एक दिसतं, दुसऱ्या नजरेत दुसरं, आणि ते दुसरं आपण स्वतः शोधलं असं वाटतं, म्हणून ते लक्षात राहतं. 'सायलेन्स ऑफ द लॅम्ब्स'चं १९९१चं पोस्टर तर आणखी एक पायरी खाली जातं, फिकट चेहरा, तोंडाच्या जागी पतंग, पतंगाच्या पाठीवर कवटी, आणि ती कवटी जवळून बघितली तर माणसांच्या देहांची बनलेली. हे सगळं कळायच्या आधीच, लांबूनच, पोस्टर आपलं काम करून मोकळं झालेलं असतं, कारण लांबून दिसतं ते एवढंच की तोंड बंद केलंय.

मग इतकं सगळं माहीत असताना आजची बहुतेक पोस्टरं अशी का दिसतात, म्हणजे वर सात-आठ चेहरे उतरत्या मापात तरंगतायत, खाली स्फोट किंवा शहर, मध्ये धूर? सोपं उत्तर म्हणजे डिझायनर आळशी झालेत, सॉफ्टवेअरने वाट लावली. मला हे पटत नाही, त्यातले बरेच जण अत्यंत हुशार आहेत आणि त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये पास न झालेली चांगली पोस्टरं पडून असतात. खरी अडचण करारात आहे. कुणाचं नाव आधी, कुणाचं टायटलच्या वर, कुणाचा चेहरा कुणापेक्षा लहान दिसता कामा नये, हे पोस्टरची पहिली रेघ ओढायच्या आधी वकिलांनी ठरवलेलं असतं. याचं पुस्तकी उदाहरण म्हणजे १९७४चा 'द टॉवरिंग इन्फर्नो', त्यात स्टीव्ह मॅक्वीन आणि पॉल न्यूमन असे दोन तुल्यबळ स्टार, दोघांनाही पहिलं स्थान हवं, तर तोडगा असा निघाला की मॅक्वीनचं नाव डावीकडे पण खाली आणि न्यूमनचं उजवीकडे पण वर. डावीकडून वाचलं तर एक पहिला, वरून वाचलं तर दुसरा. तोडगा म्हणून बिनतोड आहे, मान्य, पण त्यात प्रेक्षकाच्या नजरेचा विचार कुणी केला? आणि पोस्टरच्या तळाशी जी उंच, बारीक, दाबलेल्या अक्षरांची श्रेयनामावली असते तिचं रूपही तिथूनच आलंय, करारात लिहिलेलं असतं की नावं टायटलच्या अक्षरांच्या अमुक टक्के मापाची हवीत, म्हणून उंची करारापुरती ठेवायची आणि रुंदी पिळून काढायची, म्हणजे अट पण पूर्ण आणि जागा पण कमी. म्हणजे तिथलं डिझाइन वाचण्यासाठी झालेलंच नाही, अट पाळण्यासाठी झालंय.

यावर नेहमीचं उत्तर येतं की बाबा स्टारचा चेहरा बघून लोक येतात, तुमच्या रिकाम्या जागेने तिकीट विकलं जात नाही. ते पूर्ण खोटं नाहीये, म्हणून त्याला नीट उत्तर द्यायला हवं. सॉल बास या अमेरिकन डिझायनरने १९५५ मध्ये 'द मॅन विथ द गोल्डन आर्म'चं पोस्टर केलं तेव्हा त्यालाही स्टारच्या फोटोंपासून सुटका नव्हतीच, फ्रँक सिनात्रासकट मुख्य नटांचे फोटो त्या पोस्टरवर आहेत. पण त्याने ते रंगाच्या ठोकळ्यांच्या मांडणीत ठोकळ्यांसारखेच बसवले आणि मधे तो काळा, वेडावाकडा, तुटल्यासारखा हात ठेवला, आणि आज कुणालाही ते पोस्टर आठवतं ते हातासाठी. नशेत अडकलेल्या माणसाची गोष्ट त्या एका आकारात आहे. म्हणजे चेहरे होते, फक्त पोस्टर त्यांच्या ताब्यात नव्हतं. गर्दीचंही तेच. ड्र्यू स्ट्रुझन या अमेरिकन चित्रकाराची हाताने रंगवलेली पोस्टरं बघा, माणसं भरपूर असतात, पण त्यात एक प्रवाह असतो, एक चेहरा उजेडात, बाकीचे सावलीत विरत जाणारे, आणि नजर कुठून आत शिरेल आणि कुठे जाऊन थांबेल हे त्याने ठरवलेलं असतं. गर्दी हा दोष नाहीच. सगळ्यांना सारखा उजेड, सारखी धार आणि सगळ्यांची नजर कॅमेऱ्याकडे, हा दोष आहे, तिथे डोळ्याला आत शिरायला दारच सापडत नाही.

आणि आता तर आकडेही चेहऱ्यांच्या गर्दीच्या विरोधात आहेत. २०१६ मध्ये नेटफ्लिक्सने स्वतःच जाहीर केलं होतं की त्यांच्याकडे एखादा सिनेमा बघायचा का याचा विचार माणूस सरासरी १.८ सेकंदच करतो, आणि चित्रात तीनपेक्षा जास्त माणसं असली की त्याची ओढ कमी होते. भाव स्पष्ट दिसणारा एखादा चेहरा मात्र चांगला चालतो. म्हणजे 'लहान स्क्रीनसाठी मोठे चेहरे लागतात' यातलं अर्धंच खरं आहे, एक चेहरा, तोही काहीतरी वाटत असलेला. सिनेमागृहाबाहेर लागणारं अमेरिकन पोस्टर २७ बाय ४० इंचाचं असतं, तेच मोबाइलवर अंगठ्याएवढं होतं, आणि 'जॉज' अंगठ्याएवढा केला तरी 'जॉज'च राहतो. आठ चेहऱ्यांचं केलं तर रंगीत ठिपके उरतात.

त्याच कंपनीने नंतर प्रत्येक प्रेक्षकाला त्याच्या आवडीप्रमाणे वेगळं चित्र दाखवायला सुरुवात केली, प्रेमकथा बघणाऱ्याला त्याच सिनेमातलं जोडपं आणि विनोदी बघणाऱ्याला त्यातलाच विनोदी नट. क्लिक वाढत असतीलही. पण मला हे मनापासून खटकतं, कारण तिथे सिनेमाबद्दल 'हा असा आहे' असं कुणीच ठरवत नाही, सिनेमा ज्याला जो हवा तो होतो. पोस्टर ही सार्वजनिक वस्तू होती, तुम्ही आणि मी एकच बघून त्यावर वाद घालू शकत होतो.

रंगाबद्दल थोडक्यात. नारिंगी आणि निळसर हिरवा ही जोडी सगळीकडे दिसते त्याला नीट कारण आहे, माणसाची कातडी कुठल्याही छटेची असली तरी साधारण नारिंगीच्या बाजूला पडते आणि रंगचक्रावर तिच्या समोर निळा येतो, त्यामुळे निळ्यावर माणूस उठून दिसतो. तत्त्व बरोबर. पण पोस्टर भिंतीवर एकटं नसतं, शेजारी आणखी पाच असतात, आणि सहाही नारिंगी-निळी असली की उठून दिसायचं कुणी? कॉन्ट्रास्ट हा चौकटीच्या आतल्याइतकाच चौकटीच्या बाहेरचाही असतो, हे विसरलं की शंभर टक्के नियमाप्रमाणे केलेलं पोस्टरही भिंतीत विरघळून जातं.

अक्षरांवर मात्र मला जास्त बोलायचंय, कारण तिथे देवनागरीचं नुकसान आपण आपल्या हाताने करतो. आधी रोमन बघू. कॅरोल ट्वॉम्बलीने १९८९ मध्ये अडोबीसाठी ट्राजन नावाचा टाइप, म्हणजे फाँट, केला, रोममधल्या ट्राजनच्या स्तंभावर कोरलेल्या अक्षरांवरून, अतिशय देखणा टाइप, आणि मग तो इतक्या पोस्टरांवर आला, ऐतिहासिक, भुताचे, कोर्टातले, सगळ्या, की त्या अक्षरांना स्वतःचं काही सांगायचंच उरलं नाही. यात टाइपचा काही दोष नाही. अक्षराचा आवाज असतो आणि तो त्या गोष्टीचा असायला हवा, एवढंच. 'अॅनाटॉमी ऑफ अ मर्डर'च्या १९५९च्या पोस्टरवर देहाचे कापलेले तुकडे आहेत आणि नावाची अक्षरंही कात्रीने कापल्यासारखी, दोन्हीकडे एकच हात दिसतो. आता देवनागरीत काय होतं, तर रोमन कॅपिटल अक्षरं लांब लांब ठेवून जो भारदस्तपणा येतो तो उचलून आपल्या अक्षरांना लावला जातो, मग शिरोरेषा तुटते, प्रत्येक अक्षर सुटं पडतं आणि शब्द शब्द राहत नाही, अक्षरांची रांग होते. रोमन कॅपिटल सगळी एका उंचीची असतात म्हणून त्यांची पट्टी छान बसते, आपल्याकडे वर वेलांट्या, मात्रा, रफार आणि खाली उकार, त्यांना जागा द्यावी लागते, ती दिली नाही की वरची ओळ खालच्या ओळीत घुसते. आणि तीच खरी श्रीमंती आहे ना! शिरोरेषा म्हणजे तुम्हाला फुकट मिळालेली एक आडवी रेघ आहे, ती क्षितिज होऊ शकते, छप्पर होऊ शकते, कुणी तिच्यावर चालू शकतं, ती मध्येच तुटली तर तो अर्थ होतो. वेलांटी उडू शकते. सत्यजित राय दिग्दर्शक होण्याआधी जाहिरात कंपनीत चित्रकार होते आणि पुढे स्वतःच्या कितीतरी सिनेमांची पोस्टरं आणि अक्षरं त्यांनी स्वतः काढली, बंगाली अक्षर त्यांच्या हातात चित्राइतकंच बोलतं, आणि बंगालीलाही वरची रेघ आहेच की. रोमन डोक्यात ठेवून केलेला आराखडा आणि त्यात शेवटी टाइप केलेलं मराठी नाव, हे थांबवायला फार पैसे लागत नाहीत, नाव आधी काढून मग चित्र बसवायला लागतं.

कुणी म्हणेल की ही सगळी मोकळीक असलेल्या माणसांची उदाहरणं आहेत. तर मोकळीक नसलेल्यांचीही बघूच. १९२०च्या दशकातले सोव्हिएत रशियातले पोस्टर काढणारे स्टेनबर्ग बंधू, फोटो मोठे करून छापायची धड सोय नव्हती, म्हणून त्यांनी स्वतःच एक प्रोजेक्टर बनवला, सिनेमाच्या फ्रेमा मोठ्या करून, तिरक्या करून हाताने उतरवल्या, आणि १९२९च्या 'मॅन विथ अ मूव्ही कॅमेरा'चं पोस्टर, उंच इमारतींमध्ये मागे कलंडलेली बाई आणि गोल फिरणारी अक्षरं, आजही नवं वाटतं. साधनं तुटपुंजी होती, मोकळीक होती असं कुणी म्हणणार नाही. पोलंडची गोष्ट जास्त अवघड आहे, तिथे युद्धानंतर सिनेमाचं वितरण सरकारी होतं, पोस्टरवर तिकीटविक्रीचा भार नव्हता, आणि १९४६च्या सुमारास हेन्रिक तोमाशेव्स्की आणि एरिक लिपिन्स्की या चित्रकारांनी काम घेतानाच अट घातली की आम्ही आमच्या पद्धतीने करू. नटांचे फोटो नाहीत, स्टारचे करार नाहीत. ती राजवट परत यावी असं मी अजिबात म्हणत नाहीये. पण त्यातून एक गोष्ट सिद्ध होते की अट चित्रकाराने घातली तर काय होतं, आणि बाजारातही तेवढी अट घालता येते, 'एलियन' आणि 'जॉज' दोन्ही नफ्यासाठीच काढलेले स्टुडिओचे सिनेमे होते.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. टीझर पोस्टर, म्हणजे सिनेमाच्या बरंच आधी उत्सुकतेपुरतं येणारं पोस्टर, बऱ्याचदा मुख्य पोस्टरपेक्षा चांगलं असतं हे बघणाऱ्या सगळ्यांच्या लक्षात आलंय, आणि त्याचं कारण असं की त्यावर नामावलीच्या अटी सहसा लागू नसतात आणि सूचना देणाऱ्यांची समितीही अजून जमलेली नसते. तर तीच सूट मुख्य पोस्टरला का नाही? मोबाइलवर जी नामावली कुणालाच वाचता येत नाही ती तिथे कुणाचा मान राखतेय? ती सिनेमाच्या पानावर खाली नीट मोठ्या अक्षरात द्या, सगळ्यांची, सहायकांचीसुद्धा, आणि चित्र मोकळं सोडा. निर्मात्यांनी डिझायनरला दहा सूचना देण्याआधी एका वाक्यात सांगावं की सिनेमा बघून बाहेर येणाऱ्याच्या मनात काय उरायला हवं, आणि आलेलं पोस्टर पास करताना ते रंग काढून काळं-पांढरं करून बघावं, अंगठ्याएवढं करून बघावं, डोळे अर्धे मिटून बघावं, आणि तरीही ती एक गोष्ट दिसतेय का एवढंच विचारावं. दिसत असेल तर 'थोडं रिकामं वाटतंय' असं म्हणून त्यात हात घालू नये.

आणि पोस्टर करणाऱ्याचं नाव. कॅमेऱ्याचं, संगीताचं, वेशभूषेचं नाव पोस्टरवर असतं आणि पोस्टर ज्याने केलं त्याचं बहुतेक वेळा नसतं, म्हणजे चांगलं झालं तर कुणाला शाबासकी द्यायची ते कळत नाही आणि वाईट झालं तर कुणी बिघडवलं तेही कळत नाही. पोलिश पोस्टरांच्या कोपऱ्यात चित्रकाराची सही असायची. सही करायची असली की माणूस नववा चेहरा टाकायला नाही म्हणतो.